आधी टेप आणा, मग सायलेन्सर

नवी ॲडव्हेंचर मोटरसायकल घेतलेला माणूस पहिल्या दोन महिन्यांत काय काय खरेदी करतो, ते मला गाडी न बघता सांगता येतं. क्रॅश गार्ड, फॉग लाइट, मोबाइलचा स्टँड, मागे पेट्या अडकवायचा सांगाडा, आणि हौस फारच दांडगी असेल तर मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. पन्नास-साठ हजार कुठे गेले कळत नाही. मग तो करूळ घाटानं खाली कोकणात एक फेरी मारून येतो आणि माझ्या दारात गाडी लावून म्हणतो, ‘दादा, पुढनं हलकी वाटते. वळणात बाहेर पळते. मागनं आपटते. कंपनीचं सस्पेन्शनच बेकार दिलंय, बदलून टाकू या.’

माझं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. एक लेथ, एक हँड प्रेस, गाडी उचलायचा स्टँड आणि भिंतीला टांगलेल्या स्प्रिंगा. इंजिनाचं काम मी घेत नाही. सस्पेन्शन आणि चेसी एवढंच बघतो. अशा गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न असतो, ‘वजन किती तुमचं?’ पुष्कळांना हा प्रश्न अपमानाचा वाटतो. एकाने तर ‘गाडीचं विचारताय का माझं?’ असं उलट विचारलं. दोघांचं मिळूनच विचारतोय, बाबा.

बहुतेक वेळा त्या सस्पेन्शनमध्ये खोट काहीच नसते. ते दुसऱ्याच कुणाच्या वजनाला लावलेलं असतं, आणि कारखान्यातून निघाल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नसतो. पैसे खर्च करायच्या आधी पन्नास रुपयांची मोजपट्टी घ्या आणि अर्धा तास द्या, एवढं मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगत असतो. आज ते छापूनच टाकतो.

रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ साली आली, हिरोची एक्सपल्स २०१९ साली, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० साली. त्याआधी आमच्या भागात कच्च्या रस्त्याला जायचं म्हणजे साध्या गाडीला जाड नक्षीचे टायर घालून जायचं. या गाड्यांनी पहिल्यांदा मध्यमवर्गीय माणसाला खरा ट्रॅव्हल दिला, म्हणजे चाक वर-खाली सरकायला जागा. पहिल्या हिमालयनला पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर, एक्सपल्सला पुढे १९० आणि मागे १७०. रोज ऑफिसला जायच्या साध्या गाडीला मागे याच्या साधारण निम्माच असतो.

आता ही जागा वापरायची कशी? चाकानं दगडावरून वर उचललं जाणं हेच सस्पेन्शनचं काम, असं लोक धरून चालतात. पण खड्डा आला की चाकाला खालीही जावं लागतं. ते खाली गेलं नाही तर गाडीच खाली जाते, आणि तिच्यासोबत तुमचा मणका. म्हणून माणूस बसल्यावर एकूण ट्रॅव्हलचा साधारण तिसरा हिस्सा गाडी बसलेली असली पाहिजे: दोन हिस्से वर जायला, एक हिस्सा खाली यायला. या बसण्याला रायडर सॅग म्हणतात. सस्पेन्शनच्या कामाचा श्रीगणेशा इथून होतो. हे न करता कुणी तुम्हाला दहा हजारांचा शॉकअप विकायला लागला तर चहा पिऊन निघून या.

मोजायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे घरी जमतं. मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी स्टँडवर घ्या. चाकाच्या ॲक्सलच्या बरोबर वर, मागच्या पॅनलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर पेनानं रेघ मारा. ॲक्सलच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. मध्यंतरी माझ्याकडे आलेल्या एका एक्सपल्सचं ते ५६० मिलिमीटर भरलं. मग गाडी खाली घेतली, सरळ उभी धरली, सीट दोन-तीनदा दाबून सोडली आणि पुन्हा मोजलं: ५३०. म्हणजे स्वतःच्या वजनानं ती ३० बसली. मग मालकाला बसवलं, हेल्मेट, बूट, पाठीवरची सॅक असं सगळं घालून, कारण घाटात तो बनियनवर जाणार नसतो. आला आकडा ४८०. गाडी ८० मिलिमीटर बसली. एकूण १७० मधले ८० गाडी जागची हलायच्या आधीच खर्च! मालकाचं वजन सामानासकट ९८ किलो.

त्याच गाडीवर माझ्या हेल्परला बसवलं. पोरगा ५८ किलोचा. गाडी बसली ६०, म्हणजे जवळजवळ हवी तितकीच. गाडी तीच, स्प्रिंग तीच. मालक बघतच राहिला. ‘म्हणजे कंपनीनं गाडी ह्याच्यासाठी बनवली?’ तसं म्हणायला हरकत नाही.

मग शॉकअपचा प्रीलोड वाढवला, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली. पुन्हा मोजलं: मालक बसल्यावर ५७. अगदी पुस्तकातला तिसरा हिस्सा. मालक खूश. पण काम अजून अर्धंच झालं होतं. त्याला उतरवून नुसत्या गाडीचं माप घेतलं तर ती आता फक्त ७ मिलिमीटर बसत होती. हा दुसरा आकडा बहुतेक गॅरेजांत कुणी घेतच नाही, आणि खरी गोष्ट तोच सांगतो. नुसती गाडी इतकी कमी बसली म्हणजे स्प्रिंग कडक आहे, असं कुणीही म्हणेल. असतं बरोबर उलट. स्प्रिंग नरम आहे म्हणून तिला इतकी आवळावी लागली, आणि आवळल्यामुळे गाडी वर ताणून बसली. अशी गाडी खड्ड्यावरून गेली की चाक खाली जायला जागाच उरत नाही, शॉकअप वरच्या टोकाला ठक्कन आपटतो. या माणसाला पुढच्या नंबरची कडक स्प्रिंग हवी होती. ती घातल्यावर प्रीलोड सैल करता आला आणि दोन्ही आकडे जागेवर आले.

प्रीलोड वाढवला म्हणजे सस्पेन्शन कडक केलं, ही समजूत इतकी पक्की आहे की मी म्हणतो ते काही मेकॅनिकनाही पटत नाही. हिशेब करून बघा. आमच्या भाषेत ‘८ किलोची स्प्रिंग’ म्हणजे ती १ मिलिमीटर दाबायला ८ किलो लागतात. तिला १० मिलिमीटर आधीच दाबून ठेवली तर पहिले ८० किलो पडेपर्यंत ती हलणार नाही, हे खरं. पण त्यानंतर? दर मिलिमीटरला आठच किलो. गाडी उंच झाली. स्प्रिंग होती तीच राहिली.

आता त्या ‘वळणात बाहेर पळते’ या तक्रारीकडे येऊ. इथे चेसीचा संबंध येतो. गाडी मागनं जास्त बसली की पुढचा फोर्क आणखी आडवा होतो. कच्च्या रस्त्याच्या गाड्यांत फोर्क उभ्या रेषेपासून साधारण २६ ते २८ अंश कललेला असतो. हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याची रेघ मनानं जमिनीपर्यंत खाली ओढली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या शंभर-सव्वाशे मिलिमीटर पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक ढकलाल त्या दिशेला आपोआप वळून मागनं येतं, तसंच गाडीचं पुढचं चाक या ट्रेलमुळे सरळ राहायला बघतं. फोर्क आडवा झाला की ट्रेल वाढतो, गाडी सरळ जायचा हट्ट धरते आणि वळायला कुरकुरते. त्यात वजन मागे गेल्यामुळे पुढचा टायर जमिनीला नीट चावत नाही.

त्या ९८ किलोच्या मालकाची गाडी मागनं २३ मिलिमीटर जास्त बसत होती. दोन चाकांमधलं अंतर चौदाशेच्या आसपास धरलं तर फोर्क जवळपास एक अंशानं आडवा झाला. एका अंशानं काय होतंय, असं वाटेल. फोर्कचे पाइप टीमध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, ५ मिलिमीटर वर सरकवले तर कोन जेमतेम पाव अंश बदलतो, आणि तेवढाही फरक चांगल्या रायडरला पहिल्या दोन वळणांत कळतो. शिवाय हेडलाइट. गाडी एक अंश मागे कलली की पन्नास मीटरवर झोत पाऊण मीटरहून जास्त वर जातो. रात्री समोरून येणारा तुम्हाला शिव्या देतो आणि तुम्हाला स्वतःला रस्ता दिसत नाही. म्हणून तुम्ही आणखी दोन फॉग लाइट बसवता.

लडाखला निघालेल्या मंडळींना तर मी सामानासकट गाडी घेऊनच बोलावतो. दोन पेट्या, वर सॅक, त्यावर तंबू, बाजूला पेट्रोलचे कॅन. पाच लिटर पेट्रोल म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास, तेही मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबकळणारं. तिथे टांगलेला प्रत्येक किलो पुढच्या चाकावरून थोडं वजन उचलतो. सामान पुढे आणि खाली घ्या, टाकीच्या बाजूला लटकवा, जड हत्यारं इंजिनजवळ बांधा, असं सांगितलं की फोटोत चांगलं दिसत नाही, असं उत्तर येतं. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

हे सगळं शास्त्र फक्त महागड्या गाड्यांसाठी आहे असं मात्र समजू नका. पहाटे करवीर-पन्हाळ्याच्या गावांतून दुधाचे कॅन आणणारा गवळी बघा. त्याच्या साध्या गाडीच्या मागच्या दोन शॉकअपना पाच खाचा असतात. भरलेले कॅन लादले की तो डिकीतला अर्धचंद्री पाना काढतो आणि दोन्ही बाजूंना शेवटची खाच लावतो. कॅन रिकामे झाले की, कंबर दुखायला लागली तर, परत खाली आणतो. त्याला सॅग हा शब्द माहीत नाही आणि त्याचं काही अडतही नाही. अडतं ते तीन लाखांची गाडी घेऊन तो पाना अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेल्या माणसाचं.

स्प्रिंगनंतर तेल. स्प्रिंग दणका साठवते आणि लगेच परत फेकते. तिच्यावर सोडलं तर गाडी टप्पे घेत जाईल. शॉकअपमधलं तेल बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि दणक्याची उष्णता होते. दगडांचा लांब उतार उतरून आल्यावर शॉकअपला बोट लावून बघा, चटका बसेल. या वाटा अडवायला आत पातळ पोलादी चकत्यांची चळत असते, शिम म्हणतात त्याला. ०.१, ०.१५ मिलिमीटर जाडीच्या या चकत्या मी पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडतो आणि प्रत्येकीची जाडी मायक्रोमीटरनं मोजून वहीत लिहितो. एक चकती इकडची तिकडे झाली तर गाडी वेगळी वागते. रस्त्याकडेला ‘शॉकअप भरून देतो’ म्हणणारे शॉकअपमध्ये नायट्रोजनच्या जागी कॉम्प्रेसरची हवा मारतात. नायट्रोजन तिथे तेलाला फेस येऊ नये म्हणून दाबाखाली भरलेला असतो. साध्या हवेसोबत आत ओलावा जातो, आणि भरण्यासाठी गॅसच्या शॉकअपला ड्रिलनं भोक पाडणारा माणूस तर माझ्या मते जिवावर उदार झालेला असतो.

ज्या गाड्यांना बाहेरून फिरवायचे स्क्रू असतात, त्यांच्या मालकांना एक विनंती. आधी स्क्रू घड्याळाच्या दिशेनं हलक्या हातानं पूर्ण बंद करा, किती क्लिक लागले ते मोजून लिहून ठेवा आणि परत तिथेच आणा. मग एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर. दोन्ही स्क्रू एकदम फिरवून ‘मस्त वाटतंय’ म्हणणाऱ्याला काय मस्त वाटतंय हे त्यालाच सांगता येत नाही. स्क्रू दोन कामांचे असतात: एक गाडी दबताना आवरतो, दुसरा, रीबाउंडचा, ती परत वर येताना. गोंधळ या दुसऱ्याचाच जास्त. रीबाउंड फार सैल असला की उंचवट्यावर मागची बाजू लाथ मारते. फार आवळला तर एक विचित्र प्रकार होतो: लागोपाठ खळग्यांचा रस्ता आला की चाक एका खळग्यातून परत खाली येईपर्यंत पुढचा दणका बसतो, मग त्यापुढचा, आणि गाडी दर दणक्याला थोडी थोडी खाली रुतत जाते. शेवटी ट्रॅव्हल संपतो आणि सस्पेन्शन दगडासारखं लागतं. मालक म्हणतो फार कडक आहे, अजून नरम स्प्रिंग घाला. गरज असते रीबाउंड दोन क्लिक सैल करायची.

चाचणी कुठे घेता, मसाई पठारावर का, असं पोरं विचारतात. अजिबात नाही. पावसाळ्यानंतर त्या सड्यावर जे उगवतं ते टायरखाली चिरडून आपल्याला कसला आनंद मिळतो मला कळत नाही. कास काय, मसाई काय, गाडी बाहेर लावून चालत जायच्या जागा आहेत या. गळीत हंगामात साखर कारखान्याकडे जाणारा कुठलाही रस्ता घ्या. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मधे उखडलेली खडी, कडेला चिखल. रीबाउंड तपासायला यापेक्षा चांगली सोय पैसे देऊन मिळणार नाही.

सायलेन्सर लावून गाडी वेगवान होते असं मानणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९७०च्या सुरुवातीला मोटोक्रॉसच्या गाड्यांना मागे जेमतेम १०० मिलिमीटर ट्रॅव्हल असायचा, दोन्ही बाजूंना एकेक शॉकअप. बेल्जियमचे ल्युसिएन टिल्केन्स यांनी एकच लांब शॉकअप टाकीखाली आडवा बसवून मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला जोडायची कल्पना काढली. यामाहानं ती घेतली आणि १९७३ साली स्वीडनचा हाकान आंदरसन या मोनोशॉकच्या यामाहावर २५० सीसीचा जागतिक विजेता झाला. त्या दशकाच्या अखेरीस ट्रॅव्हल ३०० मिलिमीटरच्या घरात गेला होता. लॅप वेगवान झाला तो चाक जमिनीवर टिकायला लागल्यामुळे. हवेत असलेलं मागचं चाक कितीही घोड्यांच्या ताकदीनं फिरलं तरी गाडी पुढे जात नाही. आपल्याकडच्या हरित नोआनं २०२४च्या डाकार रॅलीमध्ये रॅली-२ गट जिंकला तेव्हा सगळ्यांनी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला, चांगलंच केलं. पण त्या दर्जाच्या टीममध्ये रायडरच्या वजनाची स्प्रिंग बसवल्याशिवाय कुणी गाडी वाळूत नेत नाही, हेही कुणीतरी स्टेटसला ठेवायला हवं होतं.

उंचीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर मी हसत नाही. एक्सपल्सच्या साध्या मॉडेलची सीट ८२५ मिलिमीटरच्या आसपास; प्रो मॉडेलला २५० आणि २२० चा ट्रॅव्हल दिला तेव्हा ती ८९१ वर गेली. पाच फूट चार इंचांच्या माणसाचे पाय तिथे लोंबकळतात. मग लोक मागच्या शॉकअपची लिंक बदलून गाडी दोन इंच खाली बसवून घेतात. पुढचा फोर्क तेवढाच राहतो. म्हणजे वर सांगितलेला एक अंश आता दोन झाला, साइड स्टँड लांब पडल्यामुळे उभी गाडी पलीकडे कलंडायला बघते, आणि दगडावर इंजिनाचं गार्ड घासतं ते वेगळंच. गडहिंग्लजच्या एक शिक्षिका अशीच मागणी घेऊन आल्या होत्या. त्यांना म्हटलं, ताई, आधी सॅग बघू. वजन कमी असल्यानं गाडी त्यांच्याखाली बसतच नव्हती. प्रीलोड पार सैल केला तेव्हा १५ मिलिमीटर मिळाले. सीटचा फोम पुढच्या बाजूला कापून आणखी पाऊण इंच काढला. एक पाय पूर्ण टेकतो, दोन्ही चवड्यांवर. दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत हा आग्रह त्यांनी स्वतःच सोडला, एक कुल्ला सरकवून थांबायची सवय केली. चेसी होती तशी राहिली.

काही कामं तर फुकटची आहेत आणि तरी कुणी करत नाही. चाक काढून बसवलं की फोर्कच्या खालचे पिंच बोल्ट सैल ठेवून, पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाचदा दाबा. दोन्ही पाइप आपापल्या जागी येतात. नाहीतर ते एकमेकांना तिरके धरून राहतात आणि नवा फोर्क जुन्यासारखा अडकत चालतो. चेनकडच्या खुणांवर विश्वास ठेवून मागचं चाक लावू नका. दोरी ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. फोर्कच्या सीलमधून तेल पाझरायला लागलं की लगेच सील बदलायची घाई नको. धूळपट्टी खाली सरकवून जुन्या एक्स-रेची एक पट्टी, टोकाला आकडा कापून, सीलमध्ये गोल फिरवली तर पुष्कळदा चिमूटभर चिखल निघतो आणि गळती थांबते. आणि तेल! दर तीन हजार किलोमीटरना इंजिन ऑइल बदलणारा काटेकोर माणूस फोर्कमधलं तेल तीस हजार झाले तरी कारखान्यातलंच ठेवतो. ते मी त्याच्यासमोर पांढऱ्या भांड्यात ओततो. काळपट, आत धातूची चकाकी, आणि कुजक्या माशासारखा वास. पुढच्या वेळी तो स्वतःहून विचारतो. फोर्कला बाहेरून प्रीलोड नसेल तर आत घालायला पीव्हीसी पाइपचा तुकडा लेथवर काटकोनात कापून देतो. त्याचा खर्च चहापेक्षा कमी.

कंपन्यांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणासाठी. केटीएमच्या स्पर्धेसाठीच्या एंड्युरो गाड्यांच्या पुस्तकात रायडरच्या वजनाप्रमाणे तक्ता असतो: ६५ ते ७५ किलोला ही स्प्रिंग, ७५ ते ८५ ला ही, ८५ ते ९५ ला ही. आपल्या इथे हजारोंनी विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या पुस्तकात साखळीला किती ढील द्यायची ते असतं, बल्बचे वॅट असतात, पण आत बसवलेली स्प्रिंग किती किलोच्या माणसासाठी आहे हे नसतं. तो आकडा काही गुपित नाही, तो इंजिनिअरच्या संगणकात आहे. छापा की! आणि दोन जादा नंबरच्या स्प्रिंगा पार्ट नंबर देऊन काउंटरवर ठेवा. बनवणार कोण, हा प्रश्नच नाही. एन्ड्युरन्स वाळूजला आहे, गॅब्रिएलचा कारखाना चाकणला आहे. देशातल्या दुचाक्यांखालचे शॉकअप मोठ्या संख्येनं आपल्याच राज्यात बनतात. मग ९८ किलोच्या माणसाला स्प्रिंगसाठी उद्यमनगरात माझ्याकडे का यावं लागतं? माझा धंदा त्यावर चालतो हे मान्य, तरी विचारतो.

शोरूमवाल्यांचंही तेच. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात. तासभर मोडतो त्यात. त्यातली वीस मिनिटं मोजपट्टीला द्यायला काय हरकत आहे, असं एका मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, ‘देऊ की, पण गिऱ्हाईक मागत नाही हो.’

हे उत्तर मला पटलं. म्हणून आता गिऱ्हाइकांना सांगतो: मागा. चाक अधांतरी असताना किती, नुसती गाडी उभी असताना किती, तुम्ही बसल्यावर किती, हे तीन आकडे सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि खाली मेकॅनिकची सही घ्या. मोजायला बसताना हेल्मेट आणि सॅक काढू देऊ नका, आणि बायकोला मागे बसवून नेणार असाल तर तिलाही त्या दिवशी बरोबर न्या. तिच्यासकटचा चौथा आकडाही लागेल.